फुटलेल्याला पुन्हा विचारता येत नाही

"मॅडमच्या हातात दिला का क्यूब, मंग तो फेलच हाय."

दाराबाहेरून आवाज आला. मी आत मशीनच्या प्लेटा पुसत होते, त्यामुळे बोलणाऱ्याला मी दिसत नव्हते. आष्टीकडच्या एका शाळेच्या बांधकामावरचा सुपरवायझर होता तो. थोड्याच वेळापूर्वी मी त्याचे तीन क्यूब फोडले होते आणि तिन्ही कमी भरले होते.

"अंगदभाऊ कवा येणार हायेत? पुढचे क्यूब त्यांच्याच हातानं फोडा. मॅडमच्या हाताला गुण न्हाई."

कुणीतरी हसलं. मग सरांचा आवाज आला.

"कावून?"

"कावून म्हंजे?"

"कावून फेल होतो? मॅडमच्या हातात असं काय आहे?"

"आता ते मला काय म्हाईत, सर."

"मलापण माहीत नाही," सर म्हणाले. कुणी हातावर पेढा ठेवावा तसा त्यांचा आवाज खुलला होता.

मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ, ढाब्यांच्या रांगेमागे आमची मटेरियल टेस्टिंग लॅब आहे. गावोगावी स्लॅब पडतो तेव्हा त्याच काँक्रीटनं लोखंडी साचे भरतात. त्यातून निघालेले चौकोनी ठोकळे म्हणजे क्यूब. ते आमच्याकडे येतात, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत राहतात, आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भाराला फुटला त्यावरून तिकडे गावातला स्लॅब कसा आहे ते ठरतं. नीट फुटला तर चारही बाजू गळून पडतात आणि मधे डमरूच्या आकाराचा तुकडा उभा राहतो. मला तो डमरू बघायला आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटत नव्हतं.

सर लॅबचे प्रमुख होते. पॉलिटेक्निकमध्ये मास्तरकी करून निवृत्त झालेले, राहायला पाटोद्यात. रोज एसटीनं यायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा असायचा, आणि कुठलंही बिस्किट ते मोडल्याशिवाय खायचे नाहीत. मोडताना कानाजवळ धरायचे. पापडाचं तेच, हरभऱ्याच्या वाळक्या काडीचं तेच. एकदा ढाब्यावर त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचा पापड "जरा बघू" म्हणून उचलला आणि मोडून त्याला परत दिला.

"काटा तपासायचा असेल तर तेच पोतं दोनदा ठेवता येतं," ते म्हणायचे. "दोन्ही वेळा वजन सारखं आलं तर काटा बरा. आपलं तसं नाही. क्यूबला आपण एकदाच विचारतो, किती सहन करशील? तो उत्तर देतो आणि मरतो. फुटलेल्याला पुन्हा विचारता येत नाही. मग उत्तर क्यूबचं होतं, मशीनचं होतं, का फोडणाऱ्याचं, कसं ओळखायचं?"

कॉलेजात हे मी इंग्रजीत, परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तेव्हा ते आकड्यांचं कोष्टक होतं. यात एक मरणारा असतो, हे सरांकडे आल्यावर कळलं.

माझी मुलाखतही त्यांनी बिस्किटावरच घेतली. लॅबच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. तालुक्याच्या राजकारणात उठबस असलेला, पस्तिशीचा, घाईतला माणूस. त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. आडनाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो बारीकसा बदल होतो तो मला लहानपणापासून ओळखू येतो. दादांच्या चेहऱ्यावरही तो येऊन गेला. वाईट नव्हता, नुसता बदल होता. सरांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी एक बिस्किट दिलं.

"मोडा."

मी मोडलं. त्यांनी दुसरं दिलं. तेही मोडलं.

"कुठलं कडक होतं?"

"दुसरं," मी म्हणाले. मग थांबून म्हणाले, "किंवा मी दुसऱ्यांदा हळू मोडलं असेल. सांगता येत नाही."

सर दादांकडे वळले. "ह्यांना घ्या."

"कशावरून, सर?"

"सांगता येत नाही म्हणाल्या त्यावरून."

त्या दिवसापासून ते मला 'इंजिनियर' म्हणू लागले. अंगदभाऊ, आमचे मशीन ऑपरेटर, मला ताई म्हणायचे. बाहेरून येणारी माणसं मॅडम म्हणायची आणि आपसात म्हणायची, लई पुस्तकी बोलतात. खरं होतं. माझी शाळा बीडची, इंग्रजी माध्यमाची. बोलायच्या आधी मी वाक्य मनात एकदा जुळवून बघते आणि तोवर बहुतेकदा विषय बदललेला असतो.

सरांचा सगळ्यांना त्रास व्हायचा तो एका सवयीचा. तोच प्रश्न ते त्याच माणसाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारायचे. कंडक्टरला तिकीट किती ते विचारायचे, रोजचा प्रवास असून. अंगदभाऊंना विचारायचे, तुमच्या धाकट्याचं कितवीचं वर्ष?

"सर, सोमवारीच सांगितलं न्हाई का, सहावी."

"हो. आज उत्तर तेच येतं का बघतोय."

ढाब्यावर ते शेवभाजी तिखट आहे का हे वेटरला विचारायचे, मग आत जाऊन आचाऱ्याला, मग गल्ल्यावर. तिघांची उत्तरं वेगवेगळी आली की खूश व्हायचे आणि पिठलं मागवायचे. वेटर त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "लई तिखट हाय सर, आचारीबी तेच म्हंतोय, मालकबी तेच म्हंत्यात. बसा."

मला ते रोज संध्याकाळी, एसटीला निघताना, एकच प्रश्न विचारायचे.

"काय इंजिनियर, आज काय दिसलं?"

"काही नाही, सर."

"तुमचं उत्तर फार स्थिर आहे," ते म्हणायचे आणि पिशवी उचलायचे.

खरं तर मला बरंच दिसायचं. माझं टेबल खिडकीपाशी होतं. पण दिसलेलं मोठ्यानं म्हटलं की त्यावर माणसं आणखी विचारतात, आणि मला ते नको असायचं.

लॅबच्या मागच्या बाजूला एक वेगळी टाकी होती. सर आले त्या वर्षी त्यांनी एकाच दिवशी, एकाच मिश्रणाचे खूप सारे क्यूब भरून त्यात ठेवून दिले होते. नवा क्यूब दिवसागणिक घट्ट होत जातो. वर्ष उलटलं की त्याची वाढ जवळजवळ थांबते. त्या क्यूबना सर 'म्हातारे' म्हणायचे. दर सोमवारी त्यातला एक बाहेर काढून ते स्वतः फोडायचे आणि आकड्याचा ठिपका भिंतीवरच्या आलेखात टाकायचे.

"म्हातारे आता बदलत नाहीत," ते म्हणायचे. "ठिपके एका रांगेत चालले तोवर मशीन शुद्धीत आहे. ठिपका घसरू लागला तर म्हाताऱ्याला दोष द्यायचा नाही, मशीनला डॉक्टर बोलवायचा."

ठिपके थोडे वरखाली होत, पण रांग सोडत नसत. म्हणजे मशीन ठीक होतं.

सुपरवायझरचं ते वाक्य दादांपर्यंत गेलं. दोन दिवसांनी त्यांनी सरांना आणि मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, मी जुने रिपोर्ट काढून बघितले. मॅडमनं फोडलेले क्यूब अंगदपेक्षा कमी भरतात. एका साईटचं न्हाई, सगळ्यांचं. पार्ट्या कुरकुर करायला लागल्यात. पुढच्या महिन्यापासून मॅडम रिपोर्ट टायपिंगला बसतील, मशीन अंगदकडं. पगार तोच राहील, म्हंजे मॅडमला वाईट वाटायला नको."

मला बोलायचं होतं की मी सिव्हिल इंजिनियर आहे, मला मशीन हवंय, टायपिंगला मी नकोय. वाक्य जुळवेपर्यंत दादांचा फोन वाजला.

सर म्हणाले, "हात तपासल्याशिवाय हात बदलायचा नाही. मला क्यूब पिकेपर्यंत वेळ द्या."

दादांना सरांचा स्वभाव माहीत होता. ते "बरं" म्हणाले.

त्याच दुपारी सरांनी बाही वर केली आणि एका पत्र्यावर सिमेंट, वाळू, खडी स्वतः कालवली. अंगदभाऊंना आणि मला फावड्याला हात लावू दिला नाही. साचे भरताना आम्हाला समोर उभं केलं.

"ही भावंडं. एका आईची, एका दिवसाची, आता एकाच पाण्यात वाढतील. तरी भावाभावांत थोडा फरक राहणारच. तो फरक त्यांचा. त्याच्यावर जो फरक दिसेल तो आपला."

"म्हंजे आमचा दोघांचा, सर?" अंगदभाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. माझं मशीन आपल्याकडे येणार हे त्यांनाही फारसं आवडलं नव्हतं. मला एकट्यात म्हणाले होते, "ताई, मनावर नका घेऊ. म्या काई बोललो न्हाई दादाला."

"तुमचा, त्यांचा, मशीनचा, माझा. कुणाचा ते बघू."

दिवस भरले. परीक्षेच्या दिवशी सरांनी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघेल तो क्यूब ते स्वतः टाकीत वाकून काढायचे, छातीशी धरून मशीनपर्यंत आणायचे आणि ज्याची पाळी त्याच्या हातात द्यायचे. एकदा अंगदभाऊ, एकदा मी, मधेच सलग दोनदा मी. भरताना शेजारी असलेली भावंडं मुद्दाम वेगवेगळ्या हातांत गेली. संपलं तेव्हा सरांचा शर्ट पोटापर्यंत ओला होता आणि चपलांतून पाणी वाजत होतं. सहा भावंडं त्यांनी फोडली नाहीत. "काही तरी मागे ठेवायचं," म्हणाले. "नंतर प्रश्न सुचला तर विचारायला कुणी तरी जिवंत पाहिजे."

आकडे मांडले. अंगदभाऊंच्या आणि माझ्या क्यूबांत फरक नव्हता. म्हणजे होता, पण भावंडांत असतो तेवढाच.

मला सुटल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही.

दादा म्हणाले, "चांगलंय. मग गावचे क्यूब मॅडमकडंच कावून कमी भरतात? तुमच्या क्यूबला मॅडम चालतात आन् पार्टीच्या क्यूबला चालत न्हाईत?"

अंगदभाऊ खाली बघत होते. सर मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. "हातात फरक नाही," ते पुटपुटले. "मग हातात येण्याच्या आधी कुठं तरी आहे."

"सर, तुमचं चालू द्या. एक तारखेला मॅडम टायपिंगला," दादा म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढचे काही दिवस सरांनी आम्हा दोघांचा जीव खाल्ला. क्यूब कुठून घेता? टाकीतून, अंगदभाऊ म्हणाले. टाकीतून, मी म्हणाले. पुसता का? पुसतो. पुसते. कुठली बाजू वर ठेवता? दोन दिवसांनी पुन्हा तेच. आमची उत्तरं दोघांची सारखी, प्रत्येक वेळी सारखी. सर खट्टू झाले. त्यांच्या पद्धतीनं ती उत्तरं पास होती.

आता सर लॅबला येत नाहीत. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही. पाटोद्याला गेलं की मी त्यांच्याकडे डोकावते. ते दार उघडतानाच मला दोन आठवड्यांपूर्वीचा एखादा प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांचे म्हातारे अजून उरले आहेत. दर सोमवारी त्यातला एक मी फोडते. ठिपका टाकते. मशीन माझ्याकडेच कसं राहिलं ते सांगायला मला दोन फडक्यांपासून सुरुवात करावी लागेल.

मशीनच्या बाजूला दोन खिळे होते. एकावर अंगदभाऊंचं फडकं, एकावर माझं. कामाचे वारही वाटलेले; सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. क्यूब फुटला की प्लेटवर चुरा राहतो, तो पुसायचा. सर आम्हाला ते प्रश्न विचारत होते त्याच दिवसांत एका सकाळी मी फडकं काढायला गेले आणि हात थांबला. माझं फडकं चिखलानं कडक झालं होतं. अंगदभाऊंचं मऊ होतं. झटकलं तर धूळ उडाली.

चिखल आणि धूळ. मशीन तेच, टाकी तीच.

मी खिडकीत बसून बघायला लागले. हे मला जमतं.

गुरुवार होता, अंगदभाऊंचा वार. नऊच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. "हां, निघालात का? या या, काढून ठेवतो." त्यांनी टाकीतून तीन क्यूब काढले आणि दारापुढच्या ओट्यावर मांडले. पार्टी आली की आधी आपले क्यूब, त्यावरची खूण, सगळं तिला मोकळ्यात बघू द्यायचं, नाही तर मागून म्हणतात क्यूब बदलला. ही अंगदभाऊंची रीत, आणि ती चांगलीच होती. पण आमच्याकडे 'निघालो' म्हणजे माणसाची अजून आंघोळ व्हायची असते. ओट्यावर ऊन आलं. काळपट क्यूब हळूहळू राखाडी झाले, मग पांढुरके. पार्टी आली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. मग चहा झाला.

माझा नंबर कुठल्याच पार्टीकडे नव्हता. मी दिला नव्हता. कोण कुठल्या वेळी फोन करील याची मला धास्ती वाटते. त्यामुळे माझ्या वारी माणूस दारात उभा राहिल्यावरच मला कळायचं की तो आला, आणि मग मी टाकीत हात घालायचे. माझे क्यूब मशीनवर जाताना ठिबकत असायचे.

टाकीतून. दोघांनीही खरंच सांगितलं होतं.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "आज काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हणाले. अजून फक्त फडकं आणि ऊन दिसलं होतं, आकडा दिसला नव्हता. आणि त्यांच्याजवळ सहा भावंडं शिल्लक होती.

पुढचा आठवडा संपत आला, एक तारीख जवळ आली. अंगदभाऊंचा वार. सकाळी फोन, "निघालात? बरं बरं." आष्टीकडच्या त्या शाळेचेच क्यूब होते. ते ओट्यावर गेले. मी सहापैकी तीन भावंडं काढली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. तीन पाण्यातच राहू दिली. अंगदभाऊंनी बघितलं. "सरांचं काई खूळ का, ताई?" मी मान हलवली. हो किंवा नाही, कसंही घेता आलं असतं.

सुपरवायझर दुपारी आला. दादाही आले होते. सगळे ढाब्यावर चहाला गेले, सरही. मी एकटी राहिले. पाण्यातली तीन थेट काढून फोडली. मग उन्हातली तीन. उन्हातल्या तिघांनी जास्त भार घेतला. थोडा जास्त नाही. भावंडांत असावा त्याहून कितीतरी. माझ्यात आणि अंगदभाऊंत जेवढा फरक म्हणून दादांनी काढला होता, जवळजवळ तेवढाच.

वाळलेला क्यूब जास्त सहन करतो. पुस्तकात ते एका ओळीत आहे. ओलाच फोडावा, हेही तिथेच आहे.

सर आधी परत आले. त्यांनी सहा ढिगाऱ्यांकडे बघितलं, आकड्यांकडे बघितलं, एक पांढुरका तुकडा उचलून त्याला थुंकीचं बोट लावलं. मग स्टुलावर बसले. बिस्किट काढलं, मोडलं, खाल्लं नाही.

"मी तुम्हाला प्रत्येक क्यूब ओला आणून दिला," ते म्हणाले. "छातीशी धरून. माझ्या परीक्षेतून ऊन मीच काढून टाकलं की हो."

"सर, तुम्ही दादांना सांगाल?"

"मी?" ते हसले. "मी सांगितलं तर ते सरांचं खूळ. माझी एवढी खुळं झालीत की त्यात हे कुठं जाईल पत्तापण लागणार नाही. आणि मी सांगू काय? मला दिसलंय कुठं? मला तर आत्ता दाखवलंत तुम्ही."

बाहेर चपलांचे आवाज आले. दादा, सुपरवायझर, मागे अंगदभाऊ. सुपरवायझर बडीशेप चघळत दारात थांबला. मला मशीनपाशी बघून त्यानं ओट्यावरच्या क्यूबकडे हात केला.

"अंगदभाऊ, तुमी घ्या हो. मॅडम नको. आमची लेकरं बसायचीत त्या स्लॅबखाली, उगं फेल-बिल नको."

अंगदभाऊ वाकले. क्यूब पांढराफटक झाला होता. दादा फोनमध्ये बघत होते. सरांनी पिशवी उचलली, खाली ठेवली, आणि ती एसटीची वेळ नसताना मला विचारलं, "काय इंजिनियर, आज काय दिसलं?"

'काही नाही' तोंडात तयार होतं. त्याला जुळवावं लागत नव्हतं. मी ओट्याकडे बघितलं. ह्याच्या स्लॅबखाली मुलं बसणार होती, आणि हा माणूस त्याच मुलांसाठी तो क्यूब माझ्या हातात देत नव्हता.

"अंगदभाऊ, तो ठेवा खाली," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दादांनी फोनमधून मान वर केली. "तो वाळलाय. वाळलेला जास्त भार घेतो, म्हणून पास होतो. पुन्हा पाण्यात टाका, उद्या बघू. आणि यापुढे पार्टी दारात आल्याशिवाय क्यूब टाकीतून काढायचा नाही."

"आन् फोडणार कोण?" सुपरवायझरनं विचारलं.

"कुणाच्याही हातानं फोडा," मी म्हणाले. "फक्त ओला फोडा."